मातीची वीट व तिचे सोबती

आळंदीस येणाऱ्या यात्रेकरूस इंद्रायणीचा घाट व श्रीज्ञानेश्वरांची समाधि हीं स्थळें दाखविल्यावर आणखी एक वस्तु आवर्जून दाखविण्यांत येते; ती म्हणजे एक जुनी भिंत. वाघावर बसून व सर्पाचा चाबूक हातीं घेऊन आलेल्या चांगदेवास सामोरें जाण्याकरितां ज्ञानदेव आणि त्यांचीं भावंडें ज्या भिंतीवर बसलीं, व जी त्यांच्या आज्ञेनें चालूं लागली, तीच ही भिंत, अशी वारकरी बांधवांची श्रद्धा आहे. याच गांवाहून जी पालखी दरवर्षीं पंढरपुरास जाते, तिची वाट जेथें संपते तेथील दैवत उभें आहे तें पुंडलिकानें पुढें सारलेल्या एका विटेवर. वाटेच्या एका टोकास भिंत आणि दुसऱ्या टोकास वीट! महाराष्ट्राच्या अंतःकरणांत मातीच्या कामाला केवढें स्थान मिळालें आहे, हें याहून अधिक काय सांगावें?

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत धर्मगुरूंचीं चरित्रें येतील, शाळेचा व मंडळांचा वृत्तान्त येईल. तें सर्व उचितच आहे. परंतु ज्या भिंतींच्या आडोशास हें सर्व घडतें, त्या भिंतींची हकीकत सहसा कोणी लिहीत नाहीं. पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण येथील कारखान्यांत पोटापाण्याकरितां आलेलीं आपल्यांतील पुष्कळ कुटुंबें मूळचीं खेड्यांतलीं आहेत. त्यांच्या आजा-पणजांचीं घरें मातीचीं होतीं. नोकरी संपवून गांवाकडची पडकी जागा पुन्हां बांधावयास निघालेल्या गृहस्थापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच कीं, जुन्या भिंतींची माती टाकून द्यावी, कीं तिलाच कांहीं जोड देऊन तिची नवी वीट पाडावी? जन्मभराची पुंजी या एका उत्तरावर खर्च व्हावयाची असते, आणि कित्येकदां घरांतल्या माणसांचे प्राणहि त्यावरच अवलंबून असतात. म्हणून मातीच्या विटेचा व तिच्यांत मिसळलेल्या निरनिराळ्या द्रव्यांचा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम मातीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. कच्ची वीट, जिला कांहीं भागांत भेंडा म्हणतात, ती उन्हांत वाळल्यावर चांगली टणक होते. तिच्यांतील वाळू व बारीक खडे हीं जणूं तिचीं हाडें, पोयटा हें तिचें मांस, आणि चिकण माती ही सर्वांस एकत्र बांधणारी शीर होय. ही चिकण अतिसूक्ष्म व चपट्या कणांची असते. कणांच्या मधल्या पाण्याच्या पातळ थरामुळें ते परस्परांस धरून राहतात. पाणी फार झालें कीं ते एकमेकांवरून घसरतात व विटेचा पुन्हां चिखल होतो. पाणी आटलें कीं ते जवळ येतात, वीट आक्रसते आणि तिला तडे जातात. वाळतांना तडकणें व भिजतांना विरघळणें, हे मातीचे दोन जन्मजात दोष होत. गेल्या कित्येक सहस्र वर्षांत मनुष्यानें मातींत जें जें मिसळलें, तें या दोहोंपैकीं कोणत्या तरी एका दोषावर उतारा म्हणून मिसळलें. हें सूत्र ध्यानांत ठेवल्यास पुढील सर्व हकीकत सहज उलगडेल.

आपल्या पुणें जिल्ह्यांतच, शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तेथें इ. स. पूर्व सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांची वसाहत सांपडली. त्या लोकांचीं घरें मातीच्या ठेंगण्या भिंतींचीं व कुडाचीं होतीं. म्हणजे सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं या मुलखांतील मनुष्य मातीनेंच आपला संसार झांकीत होता.

पुढें आपल्या खेड्यांनीं जमिनीचे दोन भाग पाडले : एक ‘काळी’ व दुसरी ‘पांढरी’. काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि पांढरी म्हणजे गांवठाणाची. हा भेद केवळ रंगाचा नव्हे. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते; ज्या गुणामुळें ती कापसास व ज्वारीस ओल पुरविते, त्याच गुणामुळें ती भिंतीस निरुपयोगी ठरते. पांढरींत मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, गोठ्यांतलें शेण, गवत व पडक्या भिंतींचा चुरा मुरलेला असतो. ती कमी फुगते व कमी आक्रसते. म्हणून गढ्यांच्या भिंती, घरांच्या भिंती आणि धाब्याचीं छपरें यांकरितां लोक पांढरीच खणून आणीत. मातीस जोड देण्याचें काम येथें काळानेंच करून ठेविलें होतें, असें म्हटलें तरी चालेल. आमच्या आज्यांनीं रसायनशास्त्र वाचलें नव्हतें; परंतु कोणती माती कोठें लावावी हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

आतां पवित्र शास्त्राकडे वळूं. उत्पत्तीच्या पुस्तकांत बाबेलच्या बुरुजाची कथा आहे. तेथील लोकांनीं दगडाऐवजीं भाजलेली वीट घेतली व चुन्याऐवजीं डांबर वापरलें, असें शास्त्रकार आवर्जून सांगतो. हा तपशील काल्पनिक नाहीं. मेसोपोटेमियांत दगडाची वाण होती व भूमींतून नैसर्गिक डांबर पाझरत असे, आणि तेथील जुन्या बांधकामांत तें आजहि दिसतें. डांबर पाण्यास अटकाव करतें. अर्थात् तें दुसऱ्या दोषावरचें, भिजण्यावरचें, औषध होय. विसाव्या शतकांत अमेरिकेच्या पश्चिम भागांतील कारागिरांनीं पाण्यांत मिसळणारें डांबर कच्च्या विटेंत घालण्यास आरंभ केला, तो याच जुन्या युक्तीचा नवा अवतार.

निर्गमाच्या पांचव्या अध्यायांत फारोनें इस्राएल लोकांस विटांसाठीं पेंढा देण्याचें बंद केलें, आणि विटांची संख्या मात्र तीच मागितली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पेंढ्यावांचून वीट कां अडावी? काडीचे तुकडे चिखलांत सर्व बाजूंनीं पसरले म्हणजे वाळतांना पडणारा ताण ते आपल्यावर घेतात व मोठा तडा जाऊं देत नाहींत. शिवाय आंतली ओल काडीच्या वाटेनें बाहेर पडून वीट सारखी वाळते. हा पहिल्या दोषावरचा, तडकण्यावरचा, उपाय झाला. परंतु गोष्ट एवढ्यावरच संपत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं, कार्बोरंडम या कठीण पदार्थाचा शोध लावणारे अमेरिकन संशोधक एडवर्ड ॲचेसन यांनीं हीच कथा वाचून पेंढा पाण्यांत भिजविला, आणि तें पाणी चिकण मातींत घालून पाहिलें. माती अधिक लवचिक झाली, कमी पाण्यांत मळली गेली व वाळल्यावर अधिक बळकट ठरली. पेंढ्यांतून उतरणाऱ्या तुरट द्रव्यासारख्या पदार्थांचा हा गुण होता. त्यांनीं त्या मातीस मिसर देशावरूनच नांव दिलें. आपल्याकडील जुने गवंडी चुन्यांत हिरड्याचें पाणी घालीत असत, आणि हिरडा हा तुरट द्रव्याचें भांडारच आहे. पश्चिम आफ्रिकेंतील बायका एका झाडाच्या शेंगांचा काढा करून मातीच्या भिंतींस व जमिनीस लावतात, तोहि तुरटच. तीन खंडांतील माणसें परस्परांस न भेटतां एकाच ज्ञानास पोहोंचलीं, हें पाहून कोणाचें मन विस्मित होणार नाहीं?

निर्गमाचा विषय निघालाच आहे, तर एक कटु गोष्ट येथें सांगणें आमचें कर्तव्य आहे. भाजलेल्या विटेमागें आजहि पुष्कळ ठिकाणीं घाम गाळणारीं कुटुंबें आहेत. पावसाळा संपला कीं मालकाकडून ‘उचल’ घेऊन तीं भट्टीवर जातात, दर हजारीं विटांच्या हिशेबानें थापतात, आणि हंगामाच्या अखेरीस हिशेब करावा तों उचल फिटलेली नसते. वेठबिगार नष्ट करणारा कायदा १९७६ सालीं झाला, तरी ही गांठ सर्वत्र सुटली नाहीं. मुलांचा अभ्यास बुडूं नये म्हणून विधायक संसद या संस्थेनें ठाणें जिल्ह्यांतील भट्ट्यांवर शाळा काढल्या. मजूर ज्या झोंपड्यांत राहतात त्यांस ‘भोंगा’ म्हणतात, म्हणून त्यांस ‘भोंगाशाळा’ हें नांव पडलें. ज्या विटेस भट्टीच लागत नाहीं, ती सरपण वांचविते, हवा स्वच्छ ठेवते, आणि घरधन्याच्या अंगणांतच पाडतां येते. एवढ्या कारणासाठीं तरी तिचा विचार ख्रिस्ती मनुष्यानें करावा, असें आम्हांस वाटतें.

असो. आतां महाराष्ट्रांतील एका उत्कृष्ट उदाहरणाकडे येऊं. वेरूळच्या लेण्यांत कातळावर मातीचा गिलावा केलेला आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, पुरातत्त्व खात्यांतील रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह व मराठवाडा विद्यापीठांतील वनस्पतितज्ज्ञ सरदेसाई यांनीं तो गिलावा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला. बाराव्या क्रमांकाच्या लेण्यांतील मातींत त्यांस भांगेच्या झाडाचा, म्हणजे अंबाडीसारख्या वाखाचा, चुरा मिसळलेला आढळला. देवगिरीच्या किल्ल्यांतील गिलाव्यांतहि तो मिळाला. या वाखामुळें मातीस बळकटी आली, ओल शोषली गेली आणि किडींचा उपद्रव टळला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यांत हा वाख नाहीं, व तेथें किडींनीं चित्रांची मोठी हानि केली आहे. एकाच प्रांतांतील दोन स्थळें, दोहोंकडे मातीच. परंतु एका मूठभर वाखानें केवढा फरक पडला!

काडी, वाख, शेण व तुरट काढे हे मातीचे सौम्य सोबती होत. ते तिला धरून ठेवतात, परंतु तिचा स्वभाव पालटीत नाहींत. स्वभाव पालटणारा पहिला सोबती म्हणजे चुना. चुनखडी भाजून कळीचा चुना करावा, तो विरवावा आणि मातींत मिसळावा, म्हणजे दोन क्रिया घडतात. पहिली क्रिया थोड्याच काळांत होते : चुन्यांतील चुनमूल द्रव्य चिकणीच्या कणांस चिकटून त्यांचे पुंजके बनवितें, त्यामुळें चिकट माती भुसभुशीत होते व पाण्यानें पूर्वींइतकी फुगत नाहीं. दुसरी क्रिया महिनोन्‌महिने चालते : चुना व चिकण यांच्या संयोगानें दगडासारखें एक बंधन तयार होतें, आणि तें पाण्यांत विरघळत नाहीं. या दुसऱ्या क्रियेस ओल व सबुरी हीं दोन्ही लागतात. जुन्या गवंड्यांची बैलानें ओढलेली चुन्याची घाणी, त्यांतली विटांची सुरखी, गूळ, बेलफळ व हिरडा यांची मिसळ, आणि चुना महिनोन्‌महिने मुरवत ठेवण्याची रीत, हीं सर्व त्याच सबुरीचीं रूपें होत. दख्खनच्या काळ्या, चिकणट मातीस चुना विशेष मानवतो, याचें कारण हेंच कीं त्या मातींत चुन्यास धरावयास चिकण भरपूर असते.

मातीच्या घराचा खरा शत्रु कोण, हें पुणेंकरांस १२ जुलै १९६१ रोजीं दिसलें. त्या दिवशीं पानशेतचें अपुरें मातीचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणहि फुटलें, आणि मुठेचें पाणी शहराच्या पेठांत शिरलें. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या कित्येक वाड्यांच्या मातींत बसविलेल्या भिंती त्या पाण्यांत विरल्या व घरें जमीनदोस्त झालीं. जी भिंत ऊन, वारा व वळचणीखालचा पाऊस शंभर वर्षें सोसते, ती उभ्या पाण्यांत थोडा वेळहि टिकत नाहीं. मातीस जोड द्यावयाची ती मुख्यतः या एका प्रसंगासाठीं, हा धडा त्या पुरानें दिला.

या पुराच्या आधींच एका नव्या सोबत्याचा प्रवेश झालेला होता. इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. पुढें सिमेंट स्वस्त होऊं लागल्यावर तें मातींत घालून पाहण्याची कल्पना निघाली. सिमेंटचा पाण्याशीं संयोग होऊन त्याचें जाळें वाळूच्या कणांभोंवतीं घट्ट बसतें. म्हणून ज्या मातींत वाळू पुष्कळ व चिकण थोडी, तिला सिमेंट मानवतें. काळ्या मातीस सिमेंट देणें म्हणजे पुष्कळ अंशीं पैसा पाण्यांत टाकणें होय, कारण चिकणीच्या ढेंकळांत तें पसरतच नाहीं. फाळणीनंतर १९४८ च्या सुमारास पंजाबांत कर्नाळ येथें निर्वासितांकरितां थोडें सिमेंट घातलेल्या मातीच्या ठोकून बांधलेल्या भिंतींचीं सुमारें चार हजार घरें उभारण्यांत आलीं. सर्वस्व गमावून आलेल्या लोकांना लौकर व स्वस्त निवारा देण्याचें काम त्या वेळीं या साध्या मिश्रणानें केलें.

माती दाबण्याची विद्या ही सोबत्याची जोडीदारीण समजावी. फ्रान्समध्यें ल्यों शहराच्या फ्रांस्वा क्वांत्रो यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस मातीच्या ठोकीव भिंतींवर पुस्तकें लिहिलीं, आणि माती दाबून ठोकळे करण्याच्या खटपटीहि केल्या. १९५० नंतरच्या दशकांत दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत राऊल रामिरेझ या अभियंत्यानें ‘सिन्व्हा-राम’ नांवाचें हातानें चालविण्याचें यंत्र बनविलें. पेटींत माती भरावी, झांकण बंद करावें, लांब दांडा खालीं ओढावा, कीं दाबलेला ठोकळा वर येतो. यास वीज लागत नाहीं व भट्टीहि लागत नाहीं. आपल्या देशांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत १९७४ सालीं खेड्यांच्या गरजांसाठीं ‘अस्त्र’ नांवाची शाखा निघाली. तेथें प्राध्यापक जगदीश व त्यांचे सहकारी यांनीं भारतीय मातीवर व अशा यंत्रांवर दीर्घ काळ प्रयोग केले. भारतीय मानक संस्थेनेंहि माती-सिमेंटच्या ठोकळ्यांसाठीं १९६० सालीं मानक क्रमांक १७२५ प्रसिद्ध केलें, व १९८२ आणि २०१३ सालीं तें सुधारलें. अशा ठोकळ्याची परीक्षा कोरड्या स्थितींत न घेतां भिजलेल्या स्थितींत घेतात, ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कोरडी माती कोणासहि फसवूं शकते. खरी कसोटी पाण्यांत.

येथवरचा इतिहास वाचून कोणी म्हणेल, मग किल्लारीचें काय? हा प्रश्न टाळून चालणार नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोंपेंत असतांना, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारों माणसें आपल्याच घरांखालीं चिरडून मेलीं. तेव्हांपासून मराठवाड्यांतील व आपल्याकडीलहि पुष्कळ लोकांनीं मातीच्या घराची धास्ती घेतली आहे. ही धास्ती समजण्यासारखी आहे. परंतु दोष कोणाचा होता हें नीट पाहिलें पाहिजे. त्या घरांच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातींत बसविलेल्या व फार जाड होत्या. भिंतीची आंतली व बाहेरची अशा दोन बाजू वेगवेगळ्या रचलेल्या असत, आणि त्यांस सांधणारे लांब दगड बहुधा नसत. माथ्यावर मालवदाच्या मातीचा जाड थर असे, व दर पावसाळ्यापूर्वीं त्यावर आणखी माती पडे. जमीन हलतांच भिंतीच्या दोन बाजू सुटल्या आणि तें सर्व ओझें खालीं आलें. कोपरे न बांधलेली भिंत व बेसुमार जड छप्पर, हे येथील अपराधी. मातींत कितीहि सिमेंट घातलें असतें, तरी पट्टे नसलेली भिंत आणि तसलें छप्पर यांनीं घात केलाच असता. म्हणून भूकंपानंतर अभियंत्यांनीं सांधणारे दगड, सर्व भिंतींभोंवतीं फिरणारे काँक्रीटचे पट्टे आणि हलकें छप्पर यांवर भर दिला. जोड द्रव्य विटेस बळ देतें. घरास बळ त्याच्या बांधणीनें येतें. या दोन गोष्टींची गल्लत ज्यानें केली, त्यानें आपल्या मुलांच्या जिवाशीं खेळ केला असें समजावें.

दुसरी चूक याच्या उलट प्रकारची आहे. ती म्हणजे नव्या द्रव्यावर आंधळा विश्वास. याचें उदाहरण एका देवळाचेंच आहे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतांत रांचोस दे ताओस येथें असिसीच्या संत फ्रान्सिसचें देऊळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तें पेंढा घातलेल्या कच्च्या विटांनीं बांधलें गेलें, आणि तेथील भाविक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हातांनीं त्यावर मातीचा गिलावा चढवीत आले. १९६७ सालीं, दरवर्षींचे कष्ट वांचावेत या सद्‌हेतूनें त्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करण्यांत आला. बाहेरून देऊळ बळकट दिसूं लागलें; परंतु सिमेंटच्या कवचांतील बारीक भेगांतून पाणी आंत गेलें व त्यास बाहेर पडण्यास वाट उरली नाहीं. आंतल्या विटा ओलावून कुजूं लागल्या. अखेर १९७९ सालीं तें कवच काढून टाकावें लागलें. भाविकांनीं पुन्हां विटा पाडल्या, पुन्हां माती मळली आणि देऊळ वांचविलें. तेव्हांपासून दरवर्षीं आबालवृद्ध एकत्र जमून भिंती लिंपतात. मातीस श्वास घ्यावयास हवा, हें त्या लोकांनीं मोठी किंमत देऊन शिकून घेतलें.

आपल्या जवळच गोव्यांत याचाच दुसरा पैलू पाहावयास मिळतो. जुन्या गोव्यांतील बॉम जेझू महामंदिर, जेथें संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत, तें जांभ्या दगडाचें आहे; आणि जांभा म्हणजे निसर्गानेंच कठीण केलेली माती होय. त्याच्या भिंतींवर पूर्वीं चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकांत, दगडाचा रंग दिसावा म्हणून तो काढून टाकण्यांत आला. तेव्हांपासून कोंकणच्या मुसळधार पावसानें तो उघडा जांभा झिजत आहे, आणि गिलावा पुन्हां चढवावा कीं नाहीं यावर अलीकडे मोठी चर्चा झाली. एका देवळाचें नुकसान नको तें पांघरूण घातल्यानें झालें, दुसऱ्याचें हवें तें पांघरूण काढल्यानें. दोन्हीकडे मनुष्यानें मातीस विचारलेंच नाहीं कीं, बाई, तुला काय हवें?

तर मग मातीस विचारावें तरी कसें? याचे मार्ग अगदीं सोपे आहेत, व कोणाहि गृहस्थास घरीं करतां येतात. कांचेची उभट बरणी घ्यावी, तिचा तिसरा हिस्सा मातीनें भरावा, वर पाणी व चिमूटभर मीठ घालून चांगली हलवावी आणि ठेवून द्यावी. वाळू क्षणांत तळाशीं बसते, तीवर पोयटा बसतो, आणि चिकणीस दिवसभर किंवा अधिकहि वेळ लागतो. थरांच्या उंचीवरून कशाचें प्रमाण किती हें समजतें. सुमारें दोन तृतीयांश वाळू व खडे आणि थोडी चिकण अशी माती असेल, तर तिला वजनानें शेंकडा पांच ते आठ भाग सिमेंट पुरतें. चिकण पुष्कळ असेल तर चुना द्यावा, किंवा वाळू व मुरूम मिसळून आधीं माती सुधारावी. पाणी किती घालावें याचीहि परीक्षा आहे : ओलसर मातीचा मुठींत गोळा करावा व उभ्यानें छातीच्या उंचीवरून कठीण जमिनीवर टाकावा. तो चपटा होऊन एकसंध राहिला तर पाणी जास्त, अगदीं चुरा झाला तर कमी, आणि चारपांच तुकडे झाले तर योग्य. ठोकळा दाबून काढल्यावर तो सावलींत, गोणपाट किंवा गवताखालीं ठेवून तीन-चार आठवडे पाणी मारून ओला ठेवावा. चुन्याच्या ठोकळ्यास याहून अधिक मुदत द्यावी. नंतर एक ठोकळा रात्रभर पाण्यांत बुडवून सकाळीं पाहावा. कडा शाबूत असतील व नखानें माती निघत नसेल, तर काम सुरू करण्यास हरकत नाहीं. आमच्या पाहण्यांत लोकांचें नुकसान बहुधा सिमेंट कमी पडल्यानें होत नाहीं. तें पाणी मारण्याच्या आळसानें होतें.

यांत आणखी दोन गोष्टी जुन्याच आहेत, पण त्यांवांचून सर्व व्यर्थ. जोतें दगडाचें व चांगलें उंच असावें, म्हणजे जमिनीची ओल व पावसाचे शिंतोडे विटेस पोहोंचत नाहींत. आणि वळचण भिंतीच्या पुष्कळ बाहेर यावी, म्हणजे पागोळ्या भिंतीवरून ओघळत नाहींत. मातीच्या घरास चांगले जोडे व चांगली टोपी असली कीं तें कित्येक पिढ्या टिकतें, असें जगांतले सर्व मातीकाम करणारे सांगतात. इंद्रायणीच्या पूररेषेंत मात्र कसल्याहि मातीची भिंत घालूं नये. पानशेतचा धडा विसरण्यासारखा नाहीं.

सारांश, पेंढा, वाख, शेण, हिरडा, डांबर, चुना व सिमेंट यांपैकीं कोणतेंहि द्रव्य सर्वगुणसंपन्न नाहीं. प्रत्येकाची एक माती आहे व प्रत्येक मातीचा एक सोबती आहे. जो आधीं माती ओळखतो व मग सोबती निवडतो, त्याची वीट टिकते. जो आधीं पोतें विकत आणतो व मग मातीकडे पाहतो, त्याचे पैसे जातात. इतिहासांतून निघणारी शिकवण एवढीच आहे, पण ती चार हजार वर्षांत खोटी ठरलेली नाहीं.

धर्मग्राम हीसुद्धां एक भिंतच नव्हे काय? नगरचा, जालन्याचा, वसईचा, गोव्याचा, अशी निरनिराळ्या गांवांची माती येथें कारखान्यांच्या निमित्तानें एकत्र आली. कोणी वाळूसारखे ताठ, कोणी चिकणीसारखे मवाळ. आपल्या वडीलधाऱ्यांनीं सबुरीनें प्रत्येकास ओळखलें, ज्याला जी जोड हवी ती दिली, आणि उन्हापावसांत पाणी मारावयास ते विसरले नाहींत; म्हणून आज महोत्सवाच्या दिवशीं ही भिंत उभी आहे. पुढील पिढीनें गांवाकडचें घर बांधतांना ओंजळभर माती आधीं बरणींत घालून पाहावी, आणि धर्मग्रामाचें काम हातीं घेतांनाहि तीच रीत ठेवावी, एवढीच या प्रसंगीं आमची विनंति आहे.